कितीले इकली? जुन्या गाडीचा सौदा आणि खरी किंमत

कापूस-सोयाबीनचे चुकारे हाती आले की विदर्भात जुन्या गाड्यांचे सौदे जोर धरतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : तोंडी सांगितलेली किंमत वेगळी, कागदावरची वेगळी आणि हातात पडलेली तिसरीच. निवडक पत्रे थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : शेजाऱ्याने त्याची २०१६ची डिझेल डिझायर ‘चार दहाले इकली’ (चार लाख दहा हजारांना विकली) म्हणून सांगितले. माझी त्याच सालची, तेच मॉडेल, ८८ हजार किलोमीटर चाललेली. त्या भरवशावर मी तीन साठचे गिऱ्हाईक परत पाठवले. आता कोणी फिरकत नाही. नेमका भाव काढायचा कसा? (एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ)

शेजारी खोटे बोलला असेलच असे नाही. चार दहा कशाकशाचे, हे विचारायचे राहून गेले. त्याने जुनी गाडी शोरूमला देऊन नवी घेतली असेल तर हिशेब असा असू शकतो : जुन्या गाडीचे २,९५,०००, एक्सचेंज बोनस ४०,०००, नव्या गाडीवरची सूट ३५,००० आणि विमा-ॲक्सेसरीजमध्ये सोडलेले ४०,०००. बेरीज ४,१०,००० भरते, पण त्यात जुन्या गाडीची किंमत तीन लाखांच्याही आत आहे. बोनस आणि सूट नव्या गाडीची, कौतुक जुन्या गाडीचे.

दुसरा प्रकार उधारीचा. चार दहा ठरले, अडीच लाख मिळाले, उरलेले तुरीवर. तूर येईपर्यंत भाव ‘चार दहा’च सांगितला जातो, पुढे वीस-तीस हजार सोडावे लागले तर त्याची वाच्यता होत नाही. तिसरा प्रकार नुसत्या मानाचा. विकणारा पाच-पंचवीस हजार चढवून सांगतो, घेणारा तेवढेच पाडून सांगतो आणि एकाच गाडीचे दोन भाव गावात फिरत राहतात. म्हणून कोणी आकडा सांगितला की चार गोष्टी विचारा : पैसे पूर्ण आले का, कोणाला विकली, कोणत्या महिन्यात, आणि सोबत काय दिले (विमा किती महिन्यांचा, टायर कसे).

आता तुमचा भाव. तेच साल, तेच इंधन, तेच व्हेरियंट आणि तितक्याच मालकांच्या हातून गेलेल्या आठ-दहा गाड्यांच्या जाहिराती पाहा. जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, विक्री नव्हे. त्या लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा पाहा. ज्या तशाच उभ्या आहेत त्यांचा भाव चढा आहे, एवढे नक्की समजा. मग यवतमाळ किंवा अमरावतीच्या दोन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडून खरेदीचा भाव घ्या. व्यापाऱ्याला डागडुजी, जागेचे भाडे, स्वतःच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर कमाई काढायची असते. त्यामुळे त्याचा भाव हा तुमचा तळ झाला आणि जाहिरातींचा भाव हे छत. खासगी सौदा या दोहोंच्या मध्ये बसतो.

विम्याच्या कागदावरची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, बाजारभाव म्हणून धरू नका. ती ठरीव घसाऱ्याने काढतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा आणि पाच वर्षांनंतर ती कंपनी व मालक आपसात ठरवतात. काही जण विक्रीच्या बेताने आयडीव्ही मुद्दाम चढवून घेतात.

यानंतर वजाबाकी. टायरच्या बाजूला ‘डॉट’ अक्षरांनंतर शेवटचे चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसो, असा टायर आता बदलायचाच आहे. चार टायरचे अंदाजे १६ ते २० हजार सरळ वजा करा. मग पुढचे चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूला पाहा. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला रबराचा घडीदार बूट असतो. पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडांच्या) खुंटांतून, पांदणीच्या रस्त्याने फिरलेल्या गाडीत तो हमखास फाटतो. ग्रीस रिमच्या आतून उडून काळा थर बसतो आणि त्यात काळी माती जाऊन जॉइंट घासतो. वळणावर ‘कट-कट’ आवाज यायच्या आधी बूट बदलला तर काम काही शेकड्यांत होते. आवाज सुरू झाल्यावर जॉइंटच जातो आणि खर्च हजारांत जातो. क्लच फार वर पकडत असेल, बॅटरी चार वर्षांची असेल, तर तेही मांडा.

गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची आहे, तेव्हा एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट बसवली आहे का तेही पाहा. कारचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी, रक्कम छोटी आहे, पण प्लेट नसेल तर आरटीओत नाव चढायचे काम अडते आणि ऐन वेळी गिऱ्हाईक तेवढ्याच निमित्ताने पाच हजार पाडते.

तुमचे तीन साठचे गिऱ्हाईक वाईट नव्हते असे वाटते. त्याला फोन करायला हरकत नाही.

प्रश्न : सौदा ३ लाख २० हजारांत ठरला. घेणारा म्हणतो, ‘कागदावर दीड लाख लिहा, टॅक्स वाचते, बाकी रोख देतो.’ लिहावे का? (एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती)

लिहू नका. कोणता टॅक्स वाचतो, ते आधी त्याला विचारा. नाव बदलायची आरटीओची फी विक्रीच्या किमतीवर ठरत नाही. खासगी कारला ती ३०० रुपये आहे, दुचाकीला १५०, स्मार्ट कार्ड आणि टपालाचे वेगळे. गाडी दीड लाखाची असो की पंधरा लाखांची. जीएसटी म्हणाल, तर डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांवर १८ टक्के जाहीर झाल्यावर मोठी घबराट पसरली होती. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याने स्वतःच्या नफ्यावर भरायचा आहे. दोन घरगुती माणसांच्या व्यवहाराला तो लागत नाही. आयकराचे म्हणाल, तर घरच्या वापराची कार ही आयकरात भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर येत नाही. अपवाद एकच : तुमच्या कृषी केंद्राच्या किंवा दुकानाच्या हिशेबात ती गाडी दाखवून दरवर्षी घसारा घेतला असेल, तर विक्रीची रक्कम त्या हिशेबात वजा करावी लागते. तसे असेल तर खरी रक्कम सीएला सांगा.

वाचत काहीच नाही, उलट अडकते मात्र बरेच. एका व्यवहारात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. आज एक लाख नव्वद, परवा एक लाख तीस असे तुकडे केले तरी सौदा एकच धरला जातो. दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, आणि तो स्वीकारलेल्या रकमेइतका. शिवाय ती रोकड बँकेत भरायला गेलात तर एवढे पैसे कुठून आले याचा पुरावा म्हणून तुमच्याकडे दीड लाखाची पावती. उरलेले एक लाख सत्तर हजार कशाचे सांगाल?

गाडी घेणाऱ्याचे नुकसान त्याहून मोठे आहे, फक्त त्याला ते दिसत नाही. उद्या गाडीवर जुने कर्ज निघाले, चेसिस नंबरात घोळ निघाला आणि सौदा मोडला, तर त्याला परत मागता येतील दीड लाख.

पैसे असे घ्या : बयाणा यूपीआयने, उरलेली रक्कम आरटीजीएसने किंवा एनईएफटीने. आरटीजीएस दोन लाखांच्या खाली होत नाही, यूपीआयला साधारण दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. चेक घेतला तर तो वटेपर्यंत चावी देऊ नका. शनिवारी संध्याकाळचा चेक आणि रविवारच्या लग्नाला गाडी, हा प्रकार टाळलेला बरा.

सौदाचिठ्ठी ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करा. त्यात नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक, मीटरचा आकडा, पूर्ण किंमत अंकांत आणि अक्षरांत, कोणती रक्कम कोणत्या तारखेला कोणत्या मार्गाने आली (व्यवहार क्रमांकासह), आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहा. ‘दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी ताबा दिला’ या एका ओळीने नंतरची चलाने कोणाची, हा वाद मिटतो. दोन साक्षीदार, दोघांच्या आधारच्या प्रती, आणि चिठ्ठीची एकेक प्रत दोघांकडे.

प्रश्न : माझ्या प्रश्नात उलटे आहे. सौदा ३.६०चा. गिऱ्हाईक बँकेचे कर्ज घेतो आहे आणि ४.५० लिहून मागतो. ‘तुमचे काय जाते?’ म्हणतो. (एक वाचक, काटोल, जि. नागपूर)

हिशेब करून पाहा. बँक ८० टक्के कर्ज देते असे धरा. ४.५०चे ८० टक्के म्हणजे बरोबर ३.६०. म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःचा एक रुपयाही घालायचा नाही. त्यासाठी त्याला तुमच्याकडून एक खोटी पावती हवी आहे : ‘९० हजार रुपये मिळाले’. ते तुम्हाला मिळालेलेच नाहीत.

बँकेचा व्हॅल्युअर गाडी पाहून स्वतंत्र किंमत लावतो, त्यामुळे पुष्कळदा हा डाव तिथेच फसतो आणि कर्ज नामंजूर होते. तुमचा महिना मात्र वाया जातो. मंजूर झालेच तर ती पावती बँकेच्या फायलीत जाते. पुढे हप्ते थकले आणि चौकशी लागली तर खोटा कागद तुमच्या सहीचा आहे. खोट्या कागदावर कर्ज उचलणे ही फसवणूक आणि त्यात तुम्ही सामील. आणि काही कारणाने गाडी परत करायची वेळ आली, तर तो साडेचार लाख परत मागू शकतो. साडेतीनशे गावकरी ‘सौदा ३.६०चाच होता’ म्हणाले तरी कागद दुसरेच सांगेल.

त्याला सांगा : ३.६०ची चिठ्ठी, बँक देईल ते कर्ज, उरलेले तुझे. तुमच्या गाडीवरच जुने कर्ज असेल तर क्रम पाळा. आधी फोरक्लोजर पत्र (मुदतीआधी कर्ज फेडायला किती भरायचे ते सांगणारे बँकेचे पत्र) घ्या, घेणाऱ्याची रक्कम थेट तुमच्या कर्ज खात्यात जाऊ द्या, मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. एनओसीवर मुदत छापलेली असते. ती टेबलाच्या खणात संपवणारे बरेच आहेत.

प्रश्न : गाडी १ लाख ४२ हजार चालली. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, मीटर ७० हजारांवर आणून देतो, भाव चाळीस हजारांनी वाढेल. शिवाय दोन वर्षांपूर्वी रोह्याने (नीलगायीने) समोरून धडक दिली होती. ते सांगावेच लागते का? (एक वाचक, मेहकर, जि. बुलडाणा)

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून वेगळे उत्तर. मीटर मागे घेणे म्हणजे मुद्दाम लपवणे. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम १७मध्ये असे सक्रिय लपवणे फसवणुकीत मोडते आणि घेणारा सौदा रद्द करून मागू शकतो. ‘जशी आहे तशी विकली’ असे लिहिले तरी त्याने हे झाकले जात नाही.

आणि ते उघडही लवकर होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून प्रत्येक सर्व्हिसचा मीटर निघतो. घेणाऱ्याने फक्त एक फोन करायचा. तो नाही केला तरी ब्रेक पेडलच्या रबराची नक्षी गुळगुळीत, स्टिअरिंगला चकाकी, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, ऑइल बदलल्याचे जुने स्टिकर बॉनेटच्या आत चिकटलेले. ७० हजारांच्या गाडीत हे सगळे एकदम दिसत नाही. चाळीस हजारांच्या लोभात तीन लाखांचे गिऱ्हाईक जाते.

धडकेचे असे : समोरच्याने विचारले नाही आणि तुम्ही गप्प राहिलात, तर नुसते गप्प राहणे सहसा फसवणूक ठरत नाही. माल पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. पण त्याने ‘ठोकली होती का?’ विचारले आणि तुम्ही ‘नाही जी’ म्हणालात, तर ते खोटे विधान झाले. म्हणून आमचे मत : न विचारताही सांगा, पण बिलासकट सांगा. ‘रोही आडवा आला, बंपर, रेडिएटर आणि उजवे मडगार्ड बदलले, ॲप्रनला (बॉनेटखालच्या आतल्या पत्र्याला) धक्का नाही’ एवढे वाक्य आणि बिल समोर ठेवले की अपघाताची किंमत ठरून जाते. लपवलेला अपघात मेकॅनिकने शोधला की गिऱ्हाईक त्याची किंमत मनाने लावते, आणि ती नेहमी जास्त असते. मेकॅनिक काय पाहील तेही ठाऊक असू द्या : मडगार्डच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, बॉनेटखालच्या पट्टीचे कारखान्यातले ठिपक्यांचे वेल्डिंग मोडले आहे का, पुढच्या दोन लाइटांचे रंग वेगळे आहेत का.

घेणाऱ्यांसाठी जाता जाता : दोन खासगी माणसांतला सौदा सहसा ग्राहक आयोगात बसत नाही, दिवाणी न्यायालय गाठावे लागते. तेव्हा तपासणी आधी.

प्रश्न : दलालाने माझ्या बोलेरोचे मला २.६० दिले. नंतर कळले, घेणाऱ्याकडून ३.१५ घेतले. फॉर्मवर सह्या कोऱ्याच दिल्या होत्या. गाडी अजून माझ्याच नावावर आहे. (एक वाचक, उमरखेड, जि. यवतमाळ)

५५ हजारांचा प्रश्न नंतर, नावाचा आधी. आजच्या घडीला त्या गाडीने कोणाला उडवले तर नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या घरी येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी पुढे हातोहात विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक धरला जाईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत विक्रीची खबर द्यायची असते, ती फॉर्म २९ने. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३०ने अर्ज करायचा असतो. तुम्ही आजच घेणाऱ्याचे नाव-पत्ता मिळवून यवतमाळच्या आरटीओत लेखी खबर द्या आणि पोच घ्या. विमा कंपनीलाही कळवा. तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुमचाच असतो, गाडीसोबत जात नाही. तो राखून ठेवल्याचे प्रमाणपत्र मागा, तीन वर्षे चालते.

आता ५५ हजार. दलालाने गाडी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन पुढे विकली असेल, तर नफा त्याचा. त्यावर राग धरून उपयोग नाही. पण तो ‘तुमच्या वतीने गिऱ्हाईक आणतो, कमिशन घेतो’ असे म्हणून आला असेल, तर मधला छुपा नफा ठेवण्याचा त्याला हक्क नाही, आणि करार कायद्याने तो तुम्हाला मागता येतो. अडचण पुराव्याची. कोऱ्या फॉर्मवर किंमत नाही, तारीख नाही, घेणाऱ्याचे नाव नाही. ही कोरी जागाच दलालाची कमाई असते. विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ पडू न देण्यामागेही तेच असते.

पुढच्या वेळी दोनच रस्ते. दलालाला कमिशन ठरवून द्या, तीन हजार म्हणा की पाच, आणि घेणाऱ्यासमोर बसून भाव बोला. नाहीतर अधिकृत व्यापाऱ्याला द्या. १ एप्रिल २०२३पासून अशा व्यापाऱ्याने आरटीओचे अधिकारपत्र घ्यायचे असते आणि गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी भरायचा असतो. तो भरला की गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंतची जबाबदारी त्याच्यावर जाते. अधिकारपत्र दाखवत नसेल तर गाडी देऊ नका.

प्रश्न : ५ हजार बयाणा दिला होता, मालकाने जास्त भाव आला म्हणून दुसऱ्याला विकली आणि पाच हजार परत केले. दुप्पट मागता येतात म्हणतात. (एक वाचक, सिंदी रेल्वे, जि. वर्धा)

दुप्पट द्यायचे असे चिठ्ठीत लिहिले असते तर मागायला आधार होता. आपोआप दुप्पट, असा नियम कायद्यात नाही. प्रत्यक्ष नुकसान झाल्याचा पुरावा असेल तर तेवढे मागता येते. पाच हजारांसाठी कोर्ट चढणे परवडणार नाही. बयाणा देताना ‘अमुक तारखेपर्यंत, एकूण किंमत इतकी’ एवढ्या दोन ओळी मेसेजवर तरी घ्या.

प्रश्न : मेहुण्याला तीन लाखांची गाडी दोन लाखांत देतो आहे. चिठ्ठीत काय लिहू? (एक वाचक, तुमसर, जि. भंडारा)

दोन लाख. जे मिळाले तेच. गावाला तीन सांगितले तरी तो तुमचा प्रश्न, पण कागदावर नाही. रक्कम बँकेतूनच घ्या, कारण रोखीची मर्यादा ‘दोन लाख किंवा अधिक’ अशी आहे आणि तुमचा आकडा नेमका तिच्यावर बसतो.

प्रश्न : आदिलाबादची गाडी इथल्यापेक्षा साठ हजारांनी स्वस्त मिळते आहे. पावतीत किंमत कमी दाखवली तर इथला कर कमी बसेल का? (एक वाचक, पांढरकवडा, जि. यवतमाळ)

नाही. परराज्यातली गाडी इथे नोंदवताना कर तिच्या मूळ किमतीवरून आणि वयावरून काढतात, तुम्ही किती दिले यावरून नव्हे. म्हणून आधी मूळ बिलाची प्रत मागा, ती घेऊन यवतमाळच्या आरटीओत कराचा आकडा काढून घ्या आणि मग साठ हजारांचे काय उरते ते पाहा. त्यात तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ची एनओसी, इथली नोंदणी आणि दोन-चार फेऱ्या धरा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुनर्नोंदणीचे ५,००० आणि पर्यावरण कर वेगळा. दिल्लीकडच्या डिझेल गाड्याही अशाच स्वस्त येतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधने आल्याने त्या बाहेर पाठवल्या गेल्या. त्यांचीही एनओसी याच जिल्ह्याच्या नावाने आहे का, ते वाचून मगच बयाणा द्या.